तेरावं बेट

बेटं शेळीची होती, हे मला सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कळलं, आणि साडेअकराला खाली हॉलमध्ये रंजिता मॅडमची श्रद्धांजली सभा होती. मधल्या सत्तर मिनिटांचं काय करायचं हे कळेना म्हणून मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. शेळीचीच. खरं म्हणजे मी एक विनोद शोधत होतो. पत्रिकेत माझं नाव चौथ्या क्रमांकावर होतं, 'कपिल गावंडे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ : आठवणी', आणि आमच्या संस्थेचे संचालक इंद्रजीत सर शनिवारीच मला बाजूला घेऊन म्हणाले होते की चौथ्या वक्त्यापर्यंत लोक घड्याळ पाहायला लागतात, तेव्हा तू जरा हलकंफुलकं ठेव, मॅडमनाही आवडलं असतं. मॅडमना आवडलं नसतं. एकतीस वर्षांत मॅडम प्रयोगशाळेत तीन वेळा हसल्या असं जुने लोक सांगतात, आणि त्यातल्या दोन वेळा मी नव्हतो. तरी मी ठरवलं होतं की माझी पहिलीवहिली स्लाइड पडद्यावर दाखवायची, फाटलेली, सुरकुतलेली, पिळून वाळत घातलेल्या बनियनसारखी, आणि म्हणायचं की असल्या माणसाला मॅडमनी माणसात आणलं. लोक हसले असते. मग शेजारी मॅडमची गाजलेली स्लाइड, त्या वर्षीची केस क्रमांक सत्त्याऐंशी, लावली असती, लोक गप्प झाले असते आणि त्या गप्पपणात मी नमस्कार करून खाली बसलो असतो. चांगली योजना होती. म्हणून दोन्ही स्लाइडी एकामागून एक काचेखाली ठेवल्या. पहिली शेळीची जीभ, चार वर्षांपूर्वीची, कोपऱ्यात पेन्सिलीने माझ्याच अक्षरात 'शेळी १'. दुसरी खर्रेवाल्या बबलूभाऊच्या गालाचा तुकडा, त्याच पंधरवड्यातला. आणि दोन्हींत तीच बेटं. फिकट, गोलसर, पोटात निळे ठिपके घेऊन एकमेकांना खेटून बसलेल्या पेशींची बेटं. ज्यांच्यावर मॅडमनी अकरा पानांचा निबंध लिहिला, ज्यांना आज सर 'रंजिता बेटं' असं नाव जाहीर करणार होते, आणि ज्यांच्या भरवशावर बस स्टँडसमोर बबलूभाऊ अजूनही दिवसाला अठरा खर्रे खातो.

खर्रा काय असतो हे आमच्या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घास घास घासायचं आणि गालात धरायचं. दहाएक वर्षांत गाल आतून चामड्याच्या पट्ट्यासारखा कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. तोंड आम्ही बोटांत मोजतो. तीन बोटं मावली तर माणूस धड, दोन मावली तर भाकर चुरून द्या, एक मावलं तर वरणच पातळ करा. असल्या गालांपैकी काहींत पुढे कॅन्सर होतो, काहींत होत नाही, आणि कोणात होणार हे आधी कळत नाही. ते आधी कळावं, एवढ्या एका गोष्टीसाठी मॅडमनी एकतीस वर्षं घातली. दिग्रसकडच्या तांड्यातली ही बाई, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., दंतवैद्याला बरोबर घेऊन गावोगाव फिरायची. त्याने गालातून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, मॅडमनी तो फॉर्मलिनच्या बाटलीत सोडायचा आणि पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.ने परत यायचं. मांडीवरच. पिशवी एकदासुद्धा सीटखाली ठेवली नाही, कारण खड्ड्यांना काय माहीत आत कोण आहे, असं त्या म्हणायच्या. मग तो तुकडा मेणात बसायचा, मेणाच्या वडीवर नंबर पडायचा आणि वडी लाकडी खणात जायची. तीन हजार एकशे चार वड्या. केळापूर, वणी, राजूर, कळंब, सगळा जिल्हा तिथे गालाने हजर आहे. आमच्या गावचे अकरा आहेत, त्यातला एक माझा काका. त्याला मी दर दिवाळीत भेटतो आणि भेटलो की मला त्याचा चेहरा आठवण्याआधी नंबर आठवतो.

मी आलो तेव्हा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की महिनाभर माणसाला हात लावायचा नाही. "माणसाचा तुकडा एकदाच भेटते कपिल. शेळी रोज भेटते." रोज सकाळी त्या स्वतः खाटकाकडून शेळीची जीभ आणायच्या, डब्यात, आणि तो डबा आणि त्यांचा जेवणाचा डबा एकसारखा होता, ज्यामुळे एका मंगळवारी जे झालं ते मी आज सांगणार नाही. जिभेचा तुकडा मेणात, मेण यंत्रावर, यंत्राचं चाक फिरवलं की पात्याखालून मेणाची पातळ पट्टी निघायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि ती कोमट पाण्याच्या भांड्यात सोडायची. पाण्यावर ती उलगडते, सपाट होते, मग खालून काच घालून अलगद उचलायची. यात एकच नियम. एक तुकडा झाला की दुसऱ्याआधी पाण्यावरून कागद फिरवून पाणी पुसायचं. पाणी पुसायचं म्हणजे काय, हे ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. मॅडम हसल्या नव्हत्या. पाण्यावर आधीच्या तुकड्याचा कण राहतो, डोळ्याला दिसत नाही, आणि पुढच्या माणसाच्या पट्टीवर चढून बसतो. मग एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर. "पाणी पूस," एवढे दोन शब्द त्या दिवसातून चाळीस वेळा म्हणायच्या, लोक राम राम म्हणतात तसे. शिकाऊ माणसाचं भांडं वेगळं होतं. त्याचं हीटर जळालेलं होतं. नवीन येईपर्यंत थांब म्हणाल्या. मी थांबलो नाही. एक ते दीड मॅडम खाली जेवायला जायच्या, आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांच्या भांड्यात माझी शेळी सोडायचो. अकरा दिवस. मला लवकर शिकायचं होतं, बस. पुसलं का? दीडला जिन्यावर चपला वाजल्या की मी पट्ट्या उचलायचो, यंत्र झाकायचो, खुर्ची सरळ करायचो, चेहरा सरळ करायचो. पाणी तसंच दिसायचं. पाणी नेहमी तसंच दिसतं, हाच तर त्याचा प्रॉब्लेम आहे. मग मॅडम बसायच्या, जेवायला जाताना पाणी पुसलेलंच होतं म्हणून लगेच माणसाचा गाल कापायच्या, ती पट्टी त्याच पाण्यावर सोडायच्या, आणि खालून कुठून तरी एक शेळी पोहत यायची आणि माणसावर चढून बसायची.

त्या पंधरवड्यात बारा गालांमध्ये बेटं सापडली. आज मी नोंदवहीतल्या तारखा-वेळा लावून पाहिल्या, बाराच्या बारा माझ्या अकरा दिवसांतली, सगळी दुपारी दीडनंतर कापलेली. निबंधाच्या चौथ्या पानावर मॅडमनी लिहिलंय की ही बेटं भोवतालच्या ऊतीपेक्षा किंचित वरच्या पातळीवर दिसतात, याचं कारण शोधणं आवश्यक आहे. कारण ती वर बसली होती, मॅडम. पुढची दोन वर्षं त्यांनी त्या बारा जणांवर लक्ष ठेवलं, बारापैकी एकाचाही गाल बिघडला नाही, आणि त्यांनी जपून, फार जपून, 'कदाचित' हा शब्द नऊ वेळा वापरून लिहिलं की ज्याच्या गालात ही बेटं असतील त्याला भय कमी असावं. नऊ 'कदाचित' वर्तमानपत्रात पोचेपर्यंत गळाले. बबलूभाऊच्या टपरीवर तर बोर्डच लागला, 'मालकावर संशोधन झालेलं जिल्ह्यातील एकमेव खर्रा सेंटर'. बाकी अकरांपैकी दोघे कामाला सुरतेला गेले, एक ट्रॅक्टरखाली वारला. बेटं ट्रॅक्टरपासून वाचवतात असा दावा निबंधात कुठेही नव्हता.

आणि मग तेरावं बेट सापडेना. मॅडमनी त्याच बारा वड्या पुन्हा कापल्या, बेटं नाहीत. लहान असतील, पहिल्याच कापणीत संपली असतील, त्या म्हणाल्या, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेन्सिलीवरून कळलं, टोक चावलेलं होतं. नवीन गाल आणले, शंभर, दोनशे, पाचशे. रंग बदलून पाहिला. पातं बदललं. एकदा दुपारी, मी खिडकीत उभा राहून केळ खात होतो, त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता विचारलं, "कपिल, त्या दिवसांत पाणी पुसत होतास ना?" आणि मी, केळ गिळून, लगेच म्हणालो, "मॅडम, माझं तोंड त्यात गोरं दिसेपर्यंत पुसत होतो." मी खोटं बोललो असं म्हणता येत नाही. खोटं बोलायला खरं आठवावं लागतं, आणि माझ्याकडे आठवण पोचायच्या आधी विनोद पोचतो, लहानपणापासून, गावात मास्तरने छडी उचलली की छडी खाली यायच्या आत माझा विनोद वर गेलेला असायचा. मॅडम हसल्या. डोळा काचेवरच, पण खांदे हलले, आणि एक विचित्र, न वापरलेला आवाज आला. हीच ती तिसरी वेळ. मी तो दिवस तेव्हापासून बक्षिसासारखा खिशात घेऊन फिरलो, लोकांना सांगितला, घरी सांगितला. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कारण उत्तर मिळालं होतं. पाणी पुसलं होतं, म्हणजे बेटं खरी होती, म्हणजे न सापडणं ही त्यांचीच चूक होती, आणि त्या स्वतःची चूक शोधत शेवटपर्यंत एस.टी.ने फिरल्या. सव्वा महिन्यापूर्वी दारव्हा स्टँडवर, बाकावर बसल्या बसल्या गेल्या. पिशवी मांडीवर होती. ती पिशवी कंडक्टरने आमच्या दारात आणून दिली. म्हणाला, "बाई गेल्या, पन मी सीटखाली नाही ठेवली." नऊ बाटल्या होत्या. नऊही मी कापल्या. प्रत्येकाआधी पाणी पुसलं, आता पुसलं, आणि नऊही गालांत बेट नव्हतं, आणि मला मॅडमसाठी इतकं वाईट वाटलं की एखादं तरी असायला हवं होतं, असं मी मोठ्याने म्हणालो, रिकाम्या खोलीत.

पावणेअकराला मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर शालींची घडी तपासत होते. मी म्हणालो, "सर, बेटं शेळीची आहेत." सर म्हणाले, "कपिल, आज नको." मी म्हणालो, "सर, खरंच." सर म्हणाले, "दहा मिनिटं आहेत तुला, त्यात काय ते बोल, आत्ता मला त्या 'रंजिता बेटं' नामफलकाचे स्क्रू सापडत नाहीयेत." सर वाईट माणूस नाहीत. मॅडमच्या पगारासाठी ते दोनदा मुंबईला जाऊन आलेत, आणि मॅडम गेल्या त्या दिवशी ते जिन्यात बसून रडत होते, हे मी पाहिलंय. पण स्क्रू सापडत नसलेल्या माणसाला सत्य सांगता येत नाही. मी बाहेर आलो. मनात म्हटलं, न सांगितलं तर काय होईल? बोर्ड लागेल. बोर्डाने कोणी मरत नाही. जगात कितीतरी बोर्ड आहेत. मग मी हॉलमध्ये पाय टाकला आणि पहिल्या रांगेत बबलूभाऊ दिसला, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, डावा गाल फुगलेला.

टेबलावर मॅडमचा फोटो, फोटोला हार, आणि शेजारी मॅडमचा मायक्रोस्कोप, त्यालाही हार. कोणीतरी त्याला हळदकुंकूही लावलं होतं. काचेखाली माझ्या टेबलावरून आणलेला सत्त्याऐंशी नंबर. सरांची कल्पना होती की प्रत्येकाने फूल वाहायचं आणि मग वाकून एका डोळ्याने बेटाचं दर्शन घ्यायचं. रांग लागली होती. लोक डोळा लावायचे, काही क्षण थांबायचे, गुलाबी-निळा ढग पाहायचे, आणि मागे सरून नकळत हात जोडायचे. मी भिंतीला टेकून मोजत होतो. त्रेचाळीस माणसांनी शेळीच्या जिभेला नमस्कार केला. चव्वेचाळिसावी लालीबाई होती, मॅडमची आई, तांड्यावरून पुतण्याच्या गाडीने आलेली, पांढरे केस, हातभर जुने बांगड्यांचे वळ. तिला स्टुलावर बसवावं लागलं. तिने बराच वेळ पाहिलं, इतका की मागची रांग खाकरली. मग म्हणाली, "रंजी हे पाह्यत होती का इतके साल?" सर म्हणाले, "हो आजी, हे त्यांनीच शोधलं." ती म्हणाली, "चांगलं हाय. पन हलते." कोणी काही हलवलं नव्हतं, तिचाच डोळा हलत होता. भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्याने मॅडमच्या स्लाइडींची तुलना तांड्यावरच्या आरसेकामाशी केली. दुसऱ्यानेही केली. मॅडमना सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि ही तुलना कोणी केली की त्या उठून बाहेर जायच्या. आता जाता येत नव्हतं. तिसऱ्याने बबलूभाऊला उभं केलं, 'या संशोधनाचा जिवंत पुरावा' म्हणून शाल घातली, आणि बबलूभाऊ हसला, म्हणजे ओठ ताणले, कारण त्याहून जास्त उघडत नाही, आणि हसताना त्याचा हात पटकन डाव्या गालाकडे गेला. तो हात मी पाहिला. तीन हजार गाल मी नंबरांनी ओळखतो. तसा हात दुखल्याशिवाय जात नाही, एवढं मला कळतं.

मग माझं नाव आलं. माईकपाशी गेलो, आणि हॉलमध्ये आधीच खसखस पिकली, कारण मी आलो होतो. मी म्हणालो, "बेटं शेळीची आहेत." हशा. मी म्हणालो, "मी नवीन असताना मॅडम जेवायला गेल्या की त्यांच्या भांड्यात शेळीची जीभ कापून सोडायचो आणि पाणी पुसायचो नाही." जोराचा हशा, मागे बसलेला एक म्हातारा दंतवैद्य रुमालाने डोळे पुसायला लागला. मी सांगत गेलो, तारखा, दीड वाजता, वरची पातळी, आणि प्रत्येक वाक्याला लोक असे हसत होते जसे मी त्यांना गुदगुल्या करतोय, आणि मला जाणवलं की माझा आवाजच तसा आहे, सपाट, विनोदाला लागतो तसा, दुसरा आवाज मी कधी बनवलाच नाही. शेवटी मी म्हणालो, "मी गंमत करत नाहीये." त्याला टाळ्या पडल्या. मॅडमचा फोटो माझ्याकडे पाहत होता, पासपोर्टचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे डोळे जरा विरघळलेले. सगळा हॉल हसत होता आणि मी बुडत होतो, आणि बुडणारा माणूस हातवारे करतो ते लांबून नाचासारखे दिसतात एवढंच. मी उतरलो. मला शाल आणि नारळ मिळाला. सरांनी पाठीवर थाप मारली, "शेळीचा भाग जमला. शेवट फक्त जरा भावुक करायचास." मग स्क्रू सापडले आणि बोर्ड लागला.

बाहेर व्हरांड्यात पोहे होते, वर झणझणीत तर्री. लालीबाई खुर्चीवर, प्लेट मांडीवर, न खाता. तिने मला बोटाने बोलावलं. "सारे हासले," ती म्हणाली. "तू नाही हासला. म्हनून मी बी नाही हासली. काय होतं ते, सांग बरं मले, सुदं सांग." मी तिच्या पायाशी खाली बसलो आणि सुदं सांगितलं, विनोद न करता, दातावर दात ठेवून, आणि फार थोडक्यात झालं. चार वाक्यं. ती ऐकत होती आणि पोह्यांतले शेंगदाणे एकेक बाजूला करत होती.

"मंग चूक रंजीची का तुही?"

"माझी, आजी."

"तिनं कधी इचारलं नाही तुले?"

"विचारलं होतं. एकदा."

"अन्?"

"मी हसवलं त्यांना."

तिचा हात थांबला. "हासली? रंजी?"

"हो. खांदे हलेपर्यंत."

"घरी नाही हासायची," ती म्हणाली. मी वाट पाहत होतो की ती मला मारेल किंवा डोक्यावर हात ठेवेल, दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. तिने दोन्ही केलं नाही. प्लेट माझ्या हातात दिली, हनुवटीने रांगेच्या टोकाकडे दाखवलं, जिथे शाल पांघरलेला बबलूभाऊ एका बाजूने पोहे चावत होता, तर्री न घेता, आणि म्हणाली, "पोर मेली माही. तिले काय सांगतं आता. त्याले कोणी सांगतलं का?"

बबलूभाऊ मला पाहून खूश झाला. "काय बोलला बे तू! शेळी! माह्या बाजूचा त खाली पडन असा हासून राह्यला होता."

"बबलूभाऊ, तुझ्या गालात बेटं नाहीत."

"संपली?"

"नव्हतीच. ती शेळीची होती."

त्याने पोहे गिळले, कष्टाने, मान लांब करून. "मॅडमनं सोता दाखवली मले. ह्या डोळ्यानं पाह्यली."

"ती शेळीच पाहिली तू."

"मंग चार साल झाले, अठरा खातो रोज, काही झालं का मले? शेळीनंच वाचवलं म्हन न मंग." आणि स्वतःच हसला, आणि हसणं अर्ध्यावर ठेवून माझ्याकडे पाहायला लागला, कारण मी हसत नव्हतो आणि त्याला त्याची सवय नव्हती. "कपल्या, मजाक बंद कर आता."

"केली."

"हे पाह्य," तो म्हणाला, आणि आवाज उतरवला. "मले कोन ओळखते? बबलू खर्रेवाला. बाप पन खर्रेवाला होता. नागपुरात, मालूम हाय तुले, मोठमोठे डॉक्टर, एसीत बसून, माहा गाल पाह्यत होते. पडद्यावर. भिंतीएवढा. माही बायको म्हने, तुमचा गाल आतून किती छान हाय हो. अन् तू म्हनतं शेळी. कायले म्हनतं?"

मी त्याचं सगळ्यात छान काहीतरी काढून घेत होतो आणि बदल्यात द्यायला माझ्याजवळ एक नारळ होता. "डावीकडे काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. आग होते. चुना जास्त पडला असन."

"किती दिवस?"

"दोन महिने." मग, प्लेट खाली ठेवून, "अडीच."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"काहून जाऊ? मले बेटं हायेत न." हे बोलताना त्याने मान वर केली नाही.

मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, जिथे ऊन येतं. म्हटलं, तोंड उघड. तो म्हणाला, "तू डॉक्टर हायेस का?" मी म्हणालो, नाही. चार वर्षं मी गाल पाहतोय, पण मेणातले, रंगवलेले, केसाहून पातळ कापलेले. ज्या माणसाचा गाल त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. तरी उघड. त्याने शाल मागे टाकली, दोन्ही हातांनी जबडा धरला आणि उघडलं, दोन बोटं, जेमतेम. आत सुपारीचा वास होता, आणि चुन्याचा, आणि त्यांच्याखाली आणखी एक. गाल पांढरा, ताणलेला, पाटीवरून खडू पुसल्यासारखा. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि अंगठ्याने ओठ बाजूला धरला. तिथे होतं. मागे, दाढेजवळ, लालसर, खोल, काठ वर उचललेला. नखाएवढं क्षत, मॅडम एकतीस वर्षं आधी ओळखू पाहत होत्या ते. बोट लागल्यावर तो कळवळला आणि काठ हलला नाही, कडकच राहिला. माझ्या कानांत सगळ्या हॉलचं हसणं एकदम परत आलं आणि एकदम थांबलं.

तोंड उघडं ठेवूनच त्याने विचारलं, शब्द अर्धे घशात अडकत, "दिसलं का बेट?"

"नाही."

"नीट पाह्य न बे."

"नीट पाहिलं, बबलूभाऊ. एकही नाही."

त्याने तोंड मिटलं. ओठ पुसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते जबडा ताणल्यामुळे असेल. "मंग इतकं काय पाह्यत होता तू? काही त हाय न तेथी. काय हाय?" मी टॉर्च बंद केला. तो म्हणाला, "बोल न. तुले त सगळ्यावर काही ना काही सुचते." मी त्याचा हात धरला आणि जिन्याकडे वळलो. दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्य बसतात. पहिल्या पायरीवर त्याने हात सोडवला, म्हणाला, आज नाही, आज सत्कार हाय माहा. मी पुन्हा धरला. मधल्या वळणावर त्याने परत सोडवला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. खालून पोह्यांच्या प्लेटांचा आवाज येत होता. मी एक पायरी वर उभा राहिलो, हात पुढे करून, आणि तसाच उभा राहिलो.